साखरेच्या हिशेबात न धरलेली शाळा

महाराष्ट्रातली शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा घेऊन वर्ष संपवते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिली, की बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या हजारो मुलांच्या शिक्षणाचे काय होणार हे आधीच सांगता येते. पहिले सत्र ही मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वस्त्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, सरपण यांच्यासोबत मुलेही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे किंवा थेट बेळगाव-बागलकोटकडे जातात. ती परततात तेव्हा परीक्षा संपत आलेली असते. हे एकाच वर्षी घडत नाही. पहिलीपासून शाळा सुटेपर्यंत दरवर्षी घडते.

विकसनशील देशांतल्या बालमजुरीबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर ठराविक चित्रे येतात: शिवकाशीच्या काडेपेट्या, मिर्झापूर-भदोहीचे गालिचे, फिरोजाबादच्या बांगड्या, शहरातल्या हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या. या चित्रांत मुलाला कामावर ठेवणारा मालक असतो, मजुरी असते आणि सुटलेली शाळा असते. पण जगातली बहुतांश बालमजुरी अशी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात 13.8 कोटी मुले बालमजुरीत होती आणि त्यांतली सुमारे 61 टक्के शेतीत होती. 2020 च्या अंदाजात असेही दिसले, की बालमजुरीतली सुमारे 72 टक्के मुले स्वतःच्या कुटुंबातच काम करतात. म्हणजे ज्या मुलाला कोणी नोकरीवर ठेवलेले नाही, ज्याच्या हातात पगार पडत नाही आणि ज्याचे नाव शाळेच्या पटावरही आहे, तेच या प्रश्नाचे खरे प्रातिनिधिक मूल आहे. ऊसतोड मजुराचे मूल नेमके असे आहे. म्हणून हा प्रश्न समजून घ्यायला उसाच्या फडाइतकी योग्य जागा नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. फडावरचे मूल आईबापांना मदत करते असे आपण समजतो; प्रत्यक्षात ते साखर उद्योगाचे बिनपगारी काम करते, आणि म्हणूनच त्याच्या शाळेची जबाबदारी त्या उद्योगाच्या खर्चात धरली गेली पाहिजे.

हे पटायला ऊसतोडणीचा व्यवहार कसा बांधलेला आहे ते पाहावे लागते. कारखाना मजुरांशी थेट करार करत नाही. तो वाहतूकदार आणि मुकादमामार्फत टोळी उभी करतो. मुकादम पावसाळ्यातच मजुरांना उचल देतो. लग्न, दवाखाना, घर, बियाणे, मागचे देणे अशा कारणांसाठी घेतलेली ही उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची असते. हिशेब माणसावर होत नाही, कोयत्यावर होतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजुरी टनावर मिळते. एका दिवसाची गैरहजेरी झाली तर खाडा धरला जातो आणि तो उचलीत मिळवला जातो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती हवीच होती. पण दर वाढला तरी व्यवहाराचा साचा तोच राहिला.

या साच्यात लहान मुलाला सांभाळायला कोणाचाही वेळ धरलेला नाही. दोघांनीही पहाटेपासून फडात असले पाहिजे, तरच कोयता पूर्ण. स्वयंपाक कोण करील, पाणी कोण आणील, सहा महिन्यांचे तान्हे कोण घेईल, बैलांकडे कोण पाहील, याचा टनाच्या दरात कुठेही उल्लेख नाही. ही सगळी कामे तर कोणीतरी केलीच पाहिजेत. ती नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी करते. आई फडात गेल्यावर खोपीतल्या धाकट्या भावंडाला ती उचलते, लांबच्या हातपंपावरून पाणी आणते, भाकरी थापते. तिचा भाऊ वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो, गाडी भरताना खालून ऊस पुरवतो. बारा-तेरा वर्षांचा झाला, की त्याच्याही हातात कोयता येतो. ही मुले नसती तर तेवढाच ऊस तोडायला एक जास्तीचा मोठा माणूस लागला असता, किंवा फडाजवळ पाळणाघर लागले असते. दोन्हींना पैसे पडले असते. ते पैसे आज कारखान्याला द्यावे लागत नाहीत, कारण त्यांची भरपाई मुलीच्या दुसऱ्या सत्रातून होते.

आपला कायदा या मुलीला पाहू शकत नाही. 1986 चा बालमजुरी कायदा 2016 मध्ये सुधारला गेला आणि 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच व्यवसायांत कामावर ठेवण्यास बंदी आली. ही मोठी सुधारणा होती. पण त्याच दुरुस्तीने एक सवलत ठेवली: शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलाने घरच्या उद्योगाला हातभार लावायला हरकत नाही. कागदावर ही सवलत समजूतदार वाटते. शेतकऱ्याच्या मुलाने संध्याकाळी गुरांना पाणी पाजले तर कोणी त्याच्यामागे निरीक्षक पाठवावा असे कोणालाच वाटणार नाही. पण मदत आणि मजुरी यांच्यातली रेघ या सवलतीने एवढी पुसट केली, की कोणीही प्रौढ माणूस 'पोरं आईबापाबरोबर आहेत' असे म्हणून बाजूला होऊ शकतो. मुकादम म्हणतो, मी फक्त जोडीला उचल दिली. कारखाना म्हणतो, माझा करार मुकादमाशी आहे. आईबाप म्हणतात, पोराला गावात कोणाकडे ठेवू? तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि या तीन खऱ्या उत्तरांच्या मधल्या जागेत मुलाची शाळा जाते. शाळेच्या वेळेनंतर, असे कायदा म्हणतो. फडावर तर शाळेची वेळच अस्तित्वात नसते.

शाळेच्या बाजूने पाहिले तरी हे मूल सहज दिसत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. वयानुरूप वर्गात प्रवेश, दाखल्याअभावी प्रवेश न नाकारणे, मागे पडलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षण या सगळ्या तरतुदी त्यात आहेत. स्थलांतरित मुलासाठी महाराष्ट्राने शिक्षण हमी पत्रकही काढले: ते दाखवले, की मुलाला कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावे. कल्पना चांगली आहे. मात्र टोळी एका जागी राहत नाही. एका गावचा फड संपला, की खोपी मोडून पुढच्या गावी जातात. एका हंगामात तीन-चार शाळांत नव्याने बसायला कोणते मूल तयार होईल? कर्नाटकात गेलेल्याला बहुतेक ठिकाणी कन्नड माध्यमाची शाळा भेटते, दक्षिण गुजरातेत गेलेल्याला गुजराती. तिथले शिक्षक त्याला आपला विद्यार्थी मानत नाहीत, कारण त्याचे नाव गावच्या पटावर असते. गावचे शिक्षक त्याला शिकवू शकत नाहीत, कारण ते तिथे नसते. पट भरलेला राहतो आणि शाळाबाह्य मुलांच्या आकड्यात हे मूल मोजले जात नाही.

मधले चार-पाच महिने गेले तर काय बिघडते, असा प्रश्न काही सुशिक्षित माणसेही विचारतात. बिघडते ते असे. प्राथमिक शाळेतले शिक्षण एकावर एक उभे राहते. हातच्याची वजाबाकी न कळलेल्या मुलीसमोर पुढच्या वर्षी भागाकार येतो. जोडाक्षरे न बसलेल्या मुलासमोर परिसर अभ्यासाचा सलग उतारा येतो. जूनमध्ये ती दोघे पुन्हा वर्गात बसतात तेव्हा वर्गातल्या इतरांपेक्षा एक सत्र मागे असतात; पुढच्या जूनमध्ये दोन सत्रे. चौथी-पाचवीपर्यंत पोचेतो त्यांना पुस्तक समोर धरणेच लाजिरवाणे वाटू लागते. शिक्षकाच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे: चाळीस मुलांच्या वर्गात दिवाळीनंतर पंधराच उरतात आणि एप्रिलमध्ये पंचवीस परत येतात, तेव्हा त्याने नेमके कोणाला आणि काय शिकवायचे? आता महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. हंगामामुळे मागे पडलेल्या मुलाला त्या परीक्षेत नापास ठरवणे म्हणजे उद्योगाने केलेल्या नुकसानीची शिक्षा त्याला देणे होय.

मुलींच्या बाबतीत हे नुकसान लवकर आणि कायमचे होते. बारा-तेरा वर्षांची मुलगी फडावर नेणे आईला धोक्याचे वाटते. खोपीला दार नसते, आडोसा नसतो, शौचालय नसते, आणि आईबाप दिवसभर फडात असतात. गावात तिला एकटी ठेवणेही सुरक्षित वाटत नाही. शाळेत ती आधीच मागे पडलेली असते, त्यामुळे शाळा तिला थोपवून धरू शकत नाही. मग लग्न हा उपाय वाटू लागतो, आणि लग्न झाले, की नवा पूर्ण कोयता तयार होतो. त्यावर जास्त उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट निघाले. बालविवाह थांबवण्यासाठी मंडपात जाणारे अधिकारी आणि कार्यकर्ते मोठे काम करतात. पण त्या मुलीचे लग्न मंडपाच्या कितीतरी आधी, तिसरी-चौथीत चुकलेल्या सत्रांतच ठरू लागलेले असते.

इथे एक जुना आणि वजनदार आक्षेप समोर येतो: गरिबी आहे तोवर मुले काम करणारच, आधी गरिबी हटवा, मग शाळेचे बोला. या आक्षेपात सत्याचा अंश आहे. व्हिएतनाममध्ये 1990 च्या दशकात तांदळाच्या निर्यातीवरची बंधने सैल झाली, शेतकऱ्याला भाव चांगला मिळू लागला आणि मुलांचे काम लक्षणीय कमी झाले, असे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. आईबाप हौस म्हणून मुलाला राबवत नाहीत. उत्पन्न सुधारले, की ते पहिल्यांदा मुलाला कामातून काढतात. पण यावरून 'थांबा' असा निष्कर्ष निघत नाही. कौशिक बसू आणि फाम होआंग व्हान यांनी 1998 मध्ये मांडलेला मुद्दा नेमका उलट दिशेने जातो: मुले श्रमबाजारात असतात म्हणूनही मोठ्यांची मजुरी खाली राहते, आणि मजुरी खाली राहते म्हणून मुले पुन्हा कामाला जातात. हे चक्र एका ठिकाणी तोडले, की तोच बाजार जास्त मजुरीवरही स्थिर होऊ शकतो. ऊसतोडणीत हे उघड दिसते. मुलांचे काम फुकट मिळते तोवर जोडीची मजुरी ठरवताना त्या कामाचा खर्च धरण्याचे कारखान्याला कारणच उरत नाही.

मायरन वाइनर या अमेरिकी अभ्यासकाने 1991 च्या आपल्या पुस्तकात भारताबद्दल एक कडू निष्कर्ष काढला होता. सक्तीचे शिक्षण आणणारे अनेक देश त्या वेळी भारतापेक्षा श्रीमंत नव्हते. भारतात अडसर पैशाचा कमी आणि वरच्या वर्गांच्या समजुतीचा जास्त होता: कष्टकऱ्यांच्या मुलांनी हाताचे काम शिकावे, पुस्तकी शिक्षण त्यांच्या उपयोगाचे नाही, अशी ती समजूत. आपल्या इतिहासात तिचा पुरावा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. पण त्याच इतिहासात उलटा पुरावाही आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात अमरेली भागापासून सुरुवात करून 1906 पर्यंत सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचे केले. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणले. तेव्हाचे बडोदे आणि कोल्हापूर आजच्या महाराष्ट्राहून फार गरीब होते. त्यांनी गरिबी हटण्याची वाट पाहिली नाही.

पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही, हाही एक सोयीचा समज आहे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोब' अहवालाने उत्तर भारतातल्या राज्यांत घरोघर जाऊन तो खोटा ठरवला: अतिशय गरीब आईबापांनाही मुलांनी शिकावे असे वाटत होते, त्यांना अडवत होती ती दूरची, न चालणारी, शिक्षक नसलेली शाळा आणि तिच्यासाठी होणारा खर्च. बीडच्या कोणत्याही वस्तीवर हेच ऐकायला मिळेल. आपण ऊस तोडला, पोरांनी तोडू नये, हे वाक्य ऊसतोड बाईच्या तोंडून ऐकण्यासाठी शोध घ्यावा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. हाताने काम करणे हेही शिक्षणच नाही का? 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवत होती. तेव्हा मुलांच्या श्रमाला सरसकट वाईट म्हणणे आपल्याच परंपरेला सोडून देणे नव्हे काय? मला वाटते, कसोटी सोपी आहे. नई तालमीत काम शिकण्यासाठी असते: किती काम, कोणते काम, कधी थांबायचे हे मुलाच्या वाढीवरून ठरते, आणि सूत कातता कातता गणित, विज्ञान, समाज यांचा परिचय होतो. फडावर कामाचे प्रमाण टनावरून ठरते आणि मूल थकले म्हणून गाडी थांबत नाही. चार हंगाम पाण्याची घागर वाहिल्याने कोणतेही कौशल्य वाढत नाही. श्रमाची प्रतिष्ठा हा मोठा विचार आहे. दुसऱ्याच्या मुलाला राबवण्यासाठी तो वापरला जाऊ नये.

मग केले काय गेले? काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1990 च्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा सुरू केल्या. तट्ट्याच्या किंवा पत्र्याच्या खोलीत, टोळ्यांच्या मुक्कामाजवळ, हंगामापुरत्या चालणाऱ्या या शाळांनी अनेक मुलांचे वर्ष वाचवले. शिक्षण हक्क कायदा आल्यावर प्रत्येक मुलाने नियमित शाळेतच जावे असे ठरले आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व बरोबर होते. पण नियमित शाळा फडापर्यंत पोचली नाही. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते, गावच्याच शाळेत शिकते, आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. माझ्या मते हा सगळ्यांत शहाणा उपाय आहे, कारण त्यात मुलाचे गाव, भाषा, शिक्षक आणि वर्ग काहीच बदलत नाही. शिवाय 2021 मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना जाहीर केली.

या उपायांची कमजोरी त्यांच्या वेळापत्रकात आहे. टोळ्या निघायला लागतात तेव्हा हंगामी वसतिगृहाची मंजुरी कागदावर फिरत असते. मुकादमाची गाडी मंजुरीसाठी थांबत नाही. आईला निघताना जर दिसले, की जेवण सुरू झाले आहे, बाई येत आहेत, रात्री मुलींजवळ कोणी आहे, तर ती मुलाला ठेवून जाते. 'पुढच्या महिन्यात सुरू होईल' या भरवशावर कोणतीही आई मूल सोडून जात नाही, आणि जाऊही नये. एकदा मूल फडावर पोचले, की ते हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. म्हणून वसतिगृह नोव्हेंबरात उघडणे आणि सप्टेंबरअखेर उघडणे यांत फरक दोन महिन्यांचा नाही, अख्ख्या सत्राचा आहे.

लहान मुलाला आईपासून वेगळे ठेवावे का, हा प्रश्नही खरा आहे. पाच-सहा वर्षांच्या लेकराला सहा महिने आईविना ठेवणे हा आदर्श नव्हे. आजी थकलेली असते. काही घरांत आजीही फडावर जाते. म्हणूनच एकच उपाय सगळ्यांना लावता येणार नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी टोळीच्या मुक्कामी पाळणाघर आणि अंगणवाडी हवी. त्याने थोरल्या बहिणीचे हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाल्याखेरीज तिच्यासाठी उघडलेल्या वसतिगृहाचा उपयोग नाही. हे सूत्र सरकारी योजनांतून नेहमी निसटते. तान्ह्याचे पाळणाघर हीच दहा वर्षांच्या मुलीच्या शाळेची पहिली अट आहे.

बांगलादेशातल्या एका अनुभवातून हेच शिकता येते. तिथे 1993 मध्ये शाळेत मूल पाठवणाऱ्या गरीब कुटुंबांना धान्य देण्याची योजना सुरू झाली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि क्वेंटिन वोडन यांनी तिचा अभ्यास केला तेव्हा दिसले, की शाळेतली हजेरी बरीच वाढली, पण मुलांचे काम त्या मानाने फारच थोडे घटले. शाळेसाठीचा वेळ बव्हंशी खेळण्या-विसाव्यातून आला. म्हणजे मुलाला शाळेकडे ओढणे आणि कामातून सोडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे केल्याशिवाय पहिले अर्धेच राहते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एम. व्ही. फाउंडेशनने, ज्याचे काम शांता सिन्हा यांनी उभे केले, ही गोष्ट फार स्पष्टपणे धरली: जे मूल पूर्णवेळ शाळेत नाही ते बालमजूर, मग ते घरात भावंड सांभाळत असो वा शेतात राबत असो. एवढी सरळ व्याख्या घेतली, की मदत आणि मजुरी यांच्यातला वाद संपतो आणि गावाला प्रत्येक मुलाचे नाव घेऊन विचारता येते, ते आज कुठे आहे?

पण गावाच्या आणि सरकारच्या पलीकडे एक तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे पीक विकत घेणारा. उझबेकिस्तानात वर्षानुवर्षे शरद ऋतूत शाळा ओस पडत आणि मुलांना कापूस वेचायला नेले जाई. तिथे तर खुद्द शासनच नेत असे. जगभरच्या शेकडो कपडे-कंपन्यांनी उझबेकी कापसावर बहिष्कार टाकला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची देखरेख आली, आणि आधी लहान मुलांना व नंतर इतरांनाही सक्तीने शेतात नेणे थांबले. 2022 मध्ये तो बहिष्कार मागे घेतला गेला. महाराष्ट्राच्या उसावर बहिष्कार टाकावा असे मी म्हणत नाही; त्यात पहिला मरेल तो मजूरच. शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हंगाम आणि शाळा यांचा झगडा निसर्गाने नेमून दिलेला नाही. पिकाच्या साखळीत वर बसलेल्याने जबाबदारी मान्य केली, की तो सुटतो.

ती जबाबदारी पेलवणारी आहे का, याचा हिशेब करून पाहू. एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते. बऱ्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे दहा कोटी टन ऊस गाळला जातो. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत आणि शासनाने तेवढीच भर घालावी, असे धोरण ठरलेलेच आहे. कारखान्यांचा वाटा किलोला दहा पैसे पडतो. समजा, फक्त मुलांसाठी टनामागे पन्नास रुपये ठेवले. किलोला पन्नास पैसे. दहा कोटी टनांवर ते पाचशे कोटी रुपये होतात. फडावर जाणारी मुले दोन लाख धरली, तरी प्रत्येक मुलामागे पंचवीस हजार रुपये येतात. एवढ्यात सहा महिन्यांचे जेवण, राहणे, रात्रीची देखभाल करणारी बाई, आणि मागे पडलेल्या धड्यांसाठी एक शिक्षक सहज बसतो. ज्या मुलीच्या श्रमावर साखर स्वस्त राहते, तिची शाळा वाचवायला साखर किलोमागे पन्नास पैशांनी महाग करावी लागेल. हा बोजा कोणत्या घराला पेलणार नाही?

पैशाबरोबर तीन गोष्टी कायद्याने बांधल्या पाहिजेत. टोळीचा करार होतानाच तिच्यातल्या प्रत्येक मुलाचे नाव, वय, इयत्ता आणि हंगामातला पत्ता नोंदवला जावा, आणि ती नोंद कारखान्याला गाळप परवान्याच्या अर्जासोबत द्यावी लागावी. साखर आयुक्तालय दरवर्षी परवाने देतेच. त्यात मुलांचा रकाना असणे अशक्य नाही. दुसरे, मुकादम मध्ये असला तरी तोडणीच्या जागेची मुख्य जबाबदारी कारखान्याची मानली जावी: पाळणाघर, पाणी, आडोसा यांसह. तिसरे, मजुरी जोडीवर न धरता माणशी धरली जावी आणि बाईच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात जावी. स्वतःच्या हातात पैसे येणारी आई मुलीच्या शाळेबद्दल घरात बोलू शकते. मेक्सिकोने 1997 मध्ये शाळेच्या हजेरीशी जोडलेले अनुदान मातांच्या हाती दिले आणि माध्यमिक वर्गांतल्या मुलींसाठी ते जास्त ठेवले, ते याच समजुतीने.

तोडणी यंत्रे येत आहेत, मजूर आपोआप कमी होतील, कशाला एवढा खटाटोप, असेही म्हटले जाते. यंत्रे येतील. पण यंत्र आईबापांचे काम घेईल तेव्हा त्यांच्या मुलाजवळ दुसरे काय असेल? आजची तिसरीतली मुलगी यंत्रांच्या काळात तरुण होणार आहे. तिला लिहिता-वाचता आले नाही, तर उसाच्या फडातून सुटून ती वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाईल. म्हणून यंत्र येण्याआधीच्या या वर्षांत तिची शाळा राखणे अधिकच तातडीचे आहे.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात एक न्यायाचा मुद्दा मांडला होता: सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. म्हणून त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. साखरेच्या पट्ट्याकडे या नजरेने पाहावे. प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला त्या 1950 च्या सुमारापासून साखरेने पश्चिम महाराष्ट्राचा कायापालट केला. साखरेच्या पैशातून शाळा निघाल्या, महाविद्यालये निघाली, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाची दारे शेतकऱ्यांच्या मुलांना उघडली. ते काम खरोखर मोठे आहे आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा. पण ज्यांनी तो ऊस तोडला त्यांची मुले त्या वर्गांत नव्हती, कारण ती त्या वेळी फडात होती. सहकाराने ऊस पिकवणाऱ्याला भागधारक केले. ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला निदान विद्यार्थी तरी केले पाहिजे.

जगाने 2025 पर्यंत बालमजुरी संपवण्याचे ठरवले होते, आणि ते साधले नाही. ते कधी साधेल हे जागतिक परिषदांतल्या ठरावांपेक्षा अशा ठिकठिकाणच्या हिशेबांवर अवलंबून आहे. आपल्यापुरता हिशेब मांडलेला आहे. पुढचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होईल, त्याची तारीख शासन आणि कारखाने मिळून ठरवतील. त्याच बैठकीत दुसरी एक तारीख ठरली पाहिजे: पहिली टोळी निघण्याच्या आधी प्रत्येक गावचे वसतिगृह सुरू झालेले असेल, आणि ज्या कारखान्याच्या टोळ्यांतली मुले त्या दिवशी शाळेत नसतील, त्याला गाळपाचा परवाना मिळणार नाही. एवढे एका राज्याला ठरवता येते. ते ठरवण्यासाठी लागणारे अधिकार, पैसा आणि यंत्रणा महाराष्ट्राजवळ आज आहे. म्हणून यापुढे कोणत्याही हंगामात एका जरी मुलीचे सत्र बुडाले, तर त्याला गरिबीचे नाव देण्याची मुभा आपण स्वतःला देऊ नये.